खुंटीवरची दुर्बीण

१

दुर्बीण सापडली, माणूस सापडला नाही.

"ह्यांचीच ना?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"ह्यांचीच," मी म्हटलं. "माझी सवत आहे ती. ओळखणार नाही होय?"

तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. नवरा सकाळपासून बेपत्ता आणि बाई असलं बोलते, असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. मी घाबरले की माझी जीभ जास्त चालते, हा जन्माचा स्वभाव आहे. आणि त्या दुपारी तळ्याकाठी उभी असताना मला तोंड बंद ठेवणं जमतच नव्हतं.

आमच्या ह्यांना कंपवात आहे. सहा वर्षं झाली. आधी उजवा हात हलायला लागला, मग डावा. चहाचा कप बशीवर वाजायला लागला. स्वयंपाकघरात बसून नुसत्या त्या आवाजावरून मला कळायचं, आज तब्येत कशी आहे. पण ह्यांना खरं दुःख होतं ते पक्ष्यांचं. जन्मभर पक्षी बघत हिंडलेला माणूस. आता दुर्बीण डोळ्याला लावली की पक्षी नुसता नाचायचा. शेवटी जुनी दुर्बीण कपाटात टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसायला लागले.

मग ही आली. माझ्या नणंदेने आणून दिली. हिच्या पोटात कसलीशी यंत्रणा आहे. वरचं बटण दाबून धरलं की हात कितीही हलू दे, आतलं चित्र जागच्या जागी थांबतं. पहिल्या दिवशी ह्यांनी गॅलरीतून तारेवरचा कावळा बघितला आणि घळाघळा रडले. कावळा बघून! त्यानंतर पहाट झाली की हे तळ्यावर. "एकदा तू पण बघ ना गं," रोज म्हणायचे. मी कधी डोळा लावला नाही. सवतीचं कौतुक कोण करतं?

पण एक नियम ह्यांनी कधी मोडला नाही. अकराच्या गोळीला घरी. ती गोळी चुकली की अंग लाकूड होतं, पाय जमिनीला चिकटतात आणि आवाज इतका खाली जातो की शेजारी बसून ऐकू येत नाही. आज अकरा वाजून गेले, बारा वाजून गेले. मी गोळ्यांची डबी पर्समध्ये टाकली आणि तशीच धावत तळ्यावर आले. आता उन्हं कलायला लागली होती. रात्री इथे दात वाजतात एवढी थंडी पडते. रात्रीपर्यंत हे सापडले नाहीत तर पुढचं मला बोलवत नव्हतं.

"घाबरू नका, वहिनी," पक्षीमित्र मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले. शाळामास्तरकी करून निवृत्त झालेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवणारा, मुंगीलाही वळसा घालून जाणारा माणूस. आमच्या ह्यांचा जुना दोस्त. त्यांनी बगलेतल्या नकाशाची गुंडाळी काढली, तिच्यावरचं रबर मनगटात सरकवलं आणि नकाशा पोलिसांच्या गाडीच्या बॉनेटवर पसरला. "काल फोनवर मला म्हणाले होते, उद्या पलीकडच्या काठाला बदकं बघायला जाणार. मी आज इकडे आलोच नाही, नाहीतर थांबवलं असतं. इथे शोधा, ह्या पट्ट्यात."

बोट ठेवलं ते अर्ध्या मैलावर. इन्स्पेक्टर आपली माणसं आणि होडी घेऊन तिकडे निघाला. मीही निघाले होते, तेवढ्यात मागून माझा पदर कुणीतरी धरला.

"वहिनी," माझी नणंद हळूच म्हणाली, "जाऊ नका. ही दुर्बीण दादाने टांगलेली नाही."

२

वन्सं विमा कंपनीत होत्या. लोकांचे खोटे दावे पकडायचे, हे त्यांचं काम. जळालेल्या दुकानाची राख चिवडून, आग लागायच्या आधी माल कुठे हलवला ते सांगायच्या. नोकरी संपली, पण नजर काही रिटायर झाली नाही. माझ्या घरात आल्या की डबे हलवल्याशिवाय राहत नाहीत. ह्यावरून आमचं आयुष्यभर वाजलंय. त्या दिवशी मात्र त्या बोलतील तिकडे मी मुकाट्याने गेले.

तळ्याच्या काठाला एक लाकडी खोपटं आहे. पक्षीवाले त्याला लपण म्हणतात. आत एक बाक, समोर बघायला आडवी फट, भिंतीला खुंट्या. दुर्बीण मिळाली ती तिथेच, खुंटीला टांगलेली; इन्स्पेक्टर ती आमच्याकडेच ठेवून गेला होता.

"खुंटी बघा किती उंच आहे," वन्सं म्हणाल्या. "मला टाचा उंचवाव्या लागतात. दादाला शर्टाचं बटण लावता येत नाही. तो ह्या खुंटीत पट्टा कसा अडकवेल?"

"ते तर सोडाच," मी म्हटलं, "हे ती गळ्यातून काढतच नाहीत. जेवायला बसताना मी ओरडते तेव्हा कुठे."

"म्हणजे ती दादाने कुणाला तरी दिली. आणि त्या कुणीतरी नंतर टांगली." त्यांनी दुर्बीण माझ्यापुढे धरली. "आता नीट बघा. घरी असते तशीच आहे?"

मी बघितली. आली तेव्हापासून रोज पुसते, मला नाही कळणार? "रबर कुठाय?" मी एकदम म्हटलं.

"कसलं रबर?"

सांगायला हवं. ते बटण दाबूनच ठेवावं लागतं आणि ह्यांचं बोट टिकायचं नाही. म्हणून मी खोडरबराचा तुकडा बटणावर चिकटवला आणि वरून आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबची कडी कापून दिली. काळी, जाड. स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापली, त्यामुळे एका बाजूला रुंद आणि एका बाजूला पार निमुळती झाली. "काय ही कलाकुसर!" म्हणून हे हसले होते. बघायचं असेल तेव्हा कडी बटणावर चढवायची, झालं की पुढे नळीवर सरकवायची, म्हणजे सेल संपत नाहीत. दुर्बिणीवरून ती कधीच उतरत नसे. खोडरबर होतं. कडी नव्हती.

"ज्याचा हात स्थिर, त्याला कडीची गरज नाही. उलट अडचणच," वन्सं पुटपुटल्या. त्यांनी दुर्बिणीच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. तिथे डोळ्याला टेकवायच्या दोन रबरी कडा असतात. "आणि ह्या? ह्या अशा दुमडलेल्या असतात?"

"छे! उभ्या असतात."

"उभ्याच असणार. दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला चष्मा नाही. कडा दुमडतो तो चष्मा लावून बघणारा, नाहीतर काच डोळ्यापासून लांब पडते." त्यांनी स्वतःचा चष्मा वर सरकवला. "वहिनी, ह्या दुर्बिणीतून शेवटचं बघणारा माणूस चष्मेवाला होता. आणि तो अजून पुढे आलेला नाही."

३

राखणदार फाटकाशी स्टुलावर बसला होता. डोळे घारीसारखे, चष्म्याचा पत्ता नाही.

"काकांना आत जाताना बघितलं, बाहेर येताना नाही," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो. मी चारदा लपणाशी जाऊन हाका मारल्या. काही उत्तर नाही."

"उत्तर दिलं तरी तुला ऐकू आलं नसतं," मी म्हटलं आणि तोंडाला पदर लावला.

"आज आणखी कोण आलं होतं?" वन्संनी विचारलं.

"तो फोटोवाला. उजाडतानाच. मी हाकलला त्याला. साहेबांचा हुकूमच आहे, कॅमेरावाले आत सोडायचे नाहीत."

"कुठल्या साहेबांचा?"

"सेक्रेटरीसाहेबांचा. गेल्या आठवड्यात त्यांनी पाणकणसांकडे पाटी पण लावली, 'पुढे दलदल, प्रवेश बंद' म्हणून. ते म्हणजे इथले घरचेच. मागच्या पायवाटेने येतात-जातात, त्यांची नोंद कोण ठेवतंय?"

फोटोवाला अजून फाटकाबाहेरच होता. चाळिशीचा, जाड भिंगांचा चष्मा, आणि गळ्यात तोफेएवढी लेन्स. बुटांना घोट्यापर्यंत चिखल. चष्मा आणि चिखल, दोन्ही बघून माझं डोकंच फिरलं.

"कुठे आहेत ते?" मी त्याची कॉलर धरली. "काय केलंस त्यांचं? गेल्या आठवड्यात भांडला होतास ना त्यांच्याशी? मला घरी येऊन सांगितलंय त्यांनी!"

"काकू, सोडा! भांडलो होतो, खरं आहे. घरटं कुठे आहे ते सांगा म्हणून मागे लागलो होतो."

"कसलं घरटं?" वन्संनी त्याच्या कॉलरवरून माझी बोटं एकेक करून सोडवली.

"तेच तर मला माहीत नाही! काहीतरी आहे इथे. काका रोज येतात, सेक्रेटरी पाट्या लावतात, मला हाकलतात. हे लोक काही सांगतात का? ह्यांचा नियमच आहे. घरटं कुठे आहे ते बायकोलासुद्धा सांगायचं नाही."

ते मात्र खरं होतं. आठवडाभर हे खुशीत होते, शीळ घालायचा प्रयत्न करत होते. काय झालं म्हटलं तर "कळेल, कळेल" म्हणायचे. काल रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "उद्या-परवा तुला घेऊन जाईन. नाही म्हणायचं नाही." मी म्हटलं होतं, बघू.

"बुटांना चिखल कसा?" वन्संनी विचारलं.

"राखणदाराने हाकलल्यावर कुंपणाच्या बाहेरून फिरलो, कुठून काही दिसतं का म्हणून. काही दिसलं नाही." तो रडकुंडीला आला होता. "काका मला आवडतात हो. हात हलत असताना ते जे बघतात ना, ते मला ह्या लेन्समधून नाही दिसत. मी का त्यांना काही करू?"

मला त्याचा विश्वास वाटला नाही. वन्संना वाटला. "खरं बोलतोय," त्या परत चालताना म्हणाल्या. "लपणात बसून ह्याने घरटं बघितलं असतं, तर हा आता फाटकाबाहेर रडत बसला असता का? लेन्स लावून तिथेच ठाण मांडलं असतं."

"मग कोण?"

त्यांनी पाऊल लपणाकडे वळवलं. तळ्यापलीकडून शिट्ट्यांचे आवाज येत होते. होडी काठाकाठाने फिरत होती. ऊन पिवळं पडलं होतं आणि माझ्या पर्समधल्या गोळ्या चालताना वाजत होत्या.

४

लपणात आल्यावर वन्संनी दुर्बीण उचलली आणि मला बजावलं, "ह्या चाकाला मी अजून हात लावलेला नाही. तुम्हीही लावू नका."

"कसलं चाक?"

"जवळचं-लांबचं स्पष्ट करायचं. जवळचं स्पष्ट असेल तेव्हा लांबचं पुसट दिसतं. शेवटी बघणाऱ्याने ते जिथे ठेवलं तिथेच आहे. तोही चष्मेवाला, मीही चष्मेवाली. त्याला जे स्पष्ट दिसलं, ते मला स्पष्ट दिसायला हवं." त्यांनी बटण दाबलं. वरचा हिरवा दिवा लुकलुकला. "सेल संपत आलेत वाटतं. बघू. पलीकडचा काठ... धुरकट. होडी आहे का डबा, कळत नाही. मधलं बेट... तेही पुसट."

मग त्या डावीकडे वळल्या. लपणाच्या डावीकडे पाणकणसांचं रान आहे, डोक्याहून उंच. दगड भिरकावला तर पडेल एवढं जवळ.

"हे बघा," त्यांचा आवाजच बदलला. "कणसावरची लव न् लव मोजता येतेय. वहिनी, पलीकडचा काठ नाहीच! तो जे काही बघत होता, ते इथे आहे. ह्या रानात. प्रवेश बंदच्या पाटीमागे."

"पण सेक्रेटरी तर म्हणाले, बदकं बघायला..."

"तेच म्हणाले. फक्त तेच म्हणाले. दुसऱ्या कुणी हे ऐकलंय?" वन्सं माझ्याकडे वळल्या. "पाटी त्यांची. पायवाट त्यांची. चष्मा त्यांनाही आहे. आता आठवून सांगा. त्यांनी नकाशा उघडला तेव्हा त्याच्यावर काय होतं?"

मी डोळे मिटले. गाडीचं बॉनेट. नकाशाची गुंडाळी. मनगटात सरकवलेलं रबर. काळं, जाड. एका बाजूला रुंद, आणि दुसऱ्या बाजूला...

मी लपणाच्या दाराबाहेर धावत सुटले.

५

सेक्रेटरी पाटीपाशीच उभे होते. शोध पलीकडे चालला होता आणि हा माणूस इथे पहारा देत होता. काखेत परत नकाशाची गुंडाळी, तिच्यावर तेच काळं रबर. मी ती हिसकावली. माझ्या कात्रीची वाकडी कड मी दहा गावांच्या गर्दीत ओळखेन.

"ही कडी माझी आहे," मी म्हटलं. "ही दुर्बिणीवर असते. तुम्ही आज आलाच नव्हता ना?"

त्यांनी कडीकडे बघितलं. ती आपल्याकडे आहे हे त्यांना खरोखरच ठाऊक नसावं. तोंडावरचा रंग उडाला.

"मध्ये येत होती," ते म्हणाले, "म्हणून काढली असेल. हाताशी नकाशा होता..."

"काय झालं सकाळी?" वन्सं मागून आल्या होत्या. "थोडक्यात सांगा. उजेड चाललाय."

"बगळ्याच्या जातीचा पक्षी आहे. ह्या कणसांतच राहतो, कुणाला दिसत नाही. मान वर करून उभा राहिला की कणीसच वाटतो. इथे त्याने पहिल्यांदा घरटं केलंय. तुमच्या ह्यांना सापडलं. फक्त आम्हा दोघांना माहीत." सेक्रेटरींनी कणसांकडे बोट केलं. "सकाळी त्यांनी मला दुर्बीण दिली. आपण होऊन दिली, मान वाकवून. म्हणाले, माझ्या ह्या खेळण्यातून बघ एकदा. मी बघितलं तर एक अंडं फुटत होतं. मी ओरडलोच. पिल्लू! ते म्हणाले, दे, मला बघू दे. आणि मी म्हटलं..."

"काय म्हटलंत?"

"म्हटलं, थांबा. तुमचे हात हलतात. फटीतून ती हालचाल पक्ष्याला दिसते. आता उडाला तर पिल्लं गेली."

कानाखाली वाजवायला मी हात उचलला, पण तो अर्ध्यातच थांबला.

"त्यांनी दोनदा मागितली. मी दिली नाही. मग काही न बोलता दार लोटून निघून गेले. मला वाटलं, रागावून घरी गेले. मी आणखी बराच वेळ बघत बसलो. मग खुंटीला लावली आणि मागच्या वाटेने गेलो. देवाशप्पथ, वहिनी, दुपारी तुम्ही आलात तोवर मला वाटत होतं ते घरीच आहेत."

"आणि दुपारनंतर?" वन्संनी विचारलं. "पोलिसांना पलीकडे का पाठवलंत?"

"ते इकडे नसतीलच, असं मी स्वतःला सांगत होतो. ह्या दलदलीत ते कशाला शिरतील? आणि पोलीस इथे शोधायला लागले असते तर दहा माणसं, दोऱ्या, कुत्री... सगळी कणसं तुडवली गेली असती. वीस वर्षं मी वाट बघतोय. पहिल्यांदाच इथे घरटं झालंय, वहिनी!"

"मलाही नवरा पहिल्यांदाच झालाय!" मी किंचाळले.

वन्संनी पाटीकडे बघितलं. "दादा घरी गेला नाही. आठवडाभर ज्या पिल्लाची वाट बघितली ते फुटतंय, आणि दुर्बीण दुसऱ्याच्या हातात. मग डोळ्यांनी बघायचं तर जवळ जायला हवं. तो इथेच आत शिरला. आणि गोळीची वेळ झाली तेव्हा आतच होता."

सेक्रेटरी मटकन खाली बसले.

६

इन्स्पेक्टरला फोन केला, पण होडी परत यायला वेळ लागणार होता. राखणदार धावत आला, त्याच्यामागे फोटोवाला. आम्ही सगळ्यांनी हाका मारल्या. मी तर घसा फाटेपर्यंत. आतून काही नाही.

"असं शिरता यायचं नाही," राखणदार म्हणाला. "पाणी कुठे कमरेइतकं, कुठे डोक्याइतकं. लपणाचं दार काढून फळी टाकू, पण नेमकं कुठे आहेत ते कळायला हवं. चुकीच्या बाजूला टाकली तर परत फिरेस्तोवर अंधार."

वन्सं लपणात जाऊन फटीला दुर्बीण लावून बसल्या. बराच वेळ बसल्या. मग चष्मा काढला आणि डोळे पुसले. ह्या बाईला रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हाही बघितलं नव्हतं.

"मला नाही दिसत, वहिनी. नुसती कणसंच कणसं. माझा लहानपणचा दादा आहे हो तो. तुम्ही बघा."

"मला येत नाही त्यातलं."

"बघा!"

मी ती जड वस्तू पहिल्यांदा डोळ्यांना लावली. आणि मला काही म्हणजे काही दिसेना. माझे हात असे कापत होते की सगळं रान वर-खाली उड्या मारत होतं. कणसं, पाणी, आकाश, सगळ्याचा काला. ह्यांना जग असं दिसायचं. रोज. कपाटात टाकलेल्या त्या जुन्या दुर्बिणीतून असंच दिसत असणार.

मी बटण दाबलं. काही झालं नाही. हिरवा दिवा लागलाच नाही.

"सेल संपले!" मी दुर्बीण बाकावर आपटणारच होते. "मेले सेल संपले! घड्याळाचे काढून घेतात, रिमोटचे काढून घेतात, आणि आज..."

"काकू, थांबा." फोटोवाल्याने पिशवी पालथी केली, आपला फ्लॅश उघडला आणि आतले सेल माझ्या पुढ्यात धरले. "हेच लागतात. नवे आहेत." त्याने स्वतःच बसवले.

मी पुन्हा डोळा लावला, बटण दाबलं, आणि सगळं थांबलं.

कसं सांगू? माझे हात हलतच होते, मला जाणवत होते, पण आत सगळं गप्प झालं. एकेक पातं, एकेक कणीस. वारा पडला होता. संध्याकाळचा असा पडतो. काहीच हलत नव्हतं. मी डावीकडून सुरुवात केली, कपाटातल्या फळ्या पुसते तशी, कोपरा न सोडता. कणसं. पाणी. कणसं. एक वाळका बुंधा. कणसं.

आणि मग एक जुडगं हलत होतं.

सगळं रान स्तब्ध, आणि तेवढी चार-पाच पाती थरथरत होती. पक्षी बसला तर पातं वाकतं, झुलतं. हे झुलत नव्हतं. बारीक, एकसारखं, न थांबता. मी ते डोळ्यांनी बघत होते, पण मला कानांत ऐकू यायला लागलं. बशीवरचा कप.

"ते आहेत!" मी ओरडले. "वन्सं, ते आहेत! वाळक्या बुंध्याच्या उजवीकडे! त्यांनी कणसं धरलीत! तो त्यांचा हात आहे!"

"नक्की? वारा असेल."

"सहा वर्षं तो हात बघतेय मी!"

मी डोळा काढला नाही. काढला असता तर जागा हरवली असती. मी तिथूनच ओरडत राहिले, अजून उजवीकडे, अजून पुढे, आणि त्यांनी दार टाकलं, बाक टाकला. सगळ्यात पुढे सेक्रेटरी होते. स्वतःची पाटी उपटून त्यांनी ती चिखलावर आडवी घातली आणि पोटावर सरपटत गेले. चष्मा कुठे पडला ते त्यांना कळलंही नाही. तोवर इन्स्पेक्टर दोर घेऊन पोचला.

"आहेत!" आतून आवाज आला. "जिवंत आहेत!"

तेव्हा कुठे मी बटण सोडलं.

त्यांना काठावर आणून ठेवलं तेव्हा कमरेखाली नुसता चिखल होता. अंग लाकडासारखं ताठ, ओठ निळे, आणि मुठीत अजून तुटलेली पाती. ती मूठ उघडेना. मी दिवसभर जपलेली गोळी काढली, ओठांत घातली, घोट घोट पाणी पाजलं. वन्संनी आपली शाल गुंडाळली, इन्स्पेक्टरने कोट घातला. अँब्युलन्स निघाली होती.

ओठ हलले. मी कान लावला.

"हाक का नाही मारलीत?" मी विचारलं. "सुरुवातीला तरी आवाज होता ना?"

"होता," ते म्हणाले. श्वासाएवढंच बोलणं. "पण ती... हातभर अंतरावर बसली होती. पिल्लांवर. ओरडलो असतो तर उडाली असती." पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "मग आवाजच गेला."

मी सेक्रेटरींकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. दोघेही चिखलाने माखलेले, दोघेही एकाच माळेचे मणी. एकाने घरट्यासाठी पोलीस अर्ध्या मैलावर पाठवले आणि दुसरा घरट्यासाठी मरायला तयार. कुणाला शिव्या घालाव्यात हेच कळेना, म्हणून मी दोघांनाही घातल्या. मोठ्याने, इन्स्पेक्टरच्या देखत.

ह्यांनी डोळे मिटून सगळ्या ऐकून घेतल्या. मग माझ्या गळ्याकडे नजर गेली. दुर्बिणीचा पट्टा मी कधी गळ्यात घातला, मलाच आठवत नव्हतं.

"बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितलं."

डोळे एकदम उघडले. सकाळपासून त्या चिखलात असलेल्या माणसाचे डोळे, पण असे उजळले की मला हुंदका आवरेना. "कशी आहे? मान वर केली होती? पिल्लं दिसली?"

"मला पक्षीबिक्षी काही दिसला नाही," मी म्हटलं. "मला तुमचा हात दिसला."

त्यांच्या कपाळावर ती ओळखीची आठी पडली.

"म्हणजे पक्षी राहिलाच की बघायचा," ते म्हणाले.

त्यांचा हात माझ्या हातात होता. गोळी अजून लागली नव्हती, त्यामुळे तो थरथरत होता. मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला नाही. धरून बसले.